मेणाचं विरजण

१

मेण वितळायला लागलं की आधी जिन्याला कळायचं. वास खालच्या मजल्यापर्यंत उतरायचा आणि कोणीतरी म्हणायचं, "मेणबाईंनी आज पुन्हा भट्टी लावली वाटतं." भट्टी कसली डोंबलाची! साधी गॅसची शेगडी, तिच्यावर पाण्याचं मोठं पातेलं, त्यात बसवलेलं मेणाचं लहान पातेलं, आणि पुढ्यात कमरेला ॲप्रन बांधून ढवळत उभ्या मेणबाई. हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं. नवरा गेला की बायका सुनेच्या मागे लागतात, आम्हाला सूनच नाही म्हणून मेणाच्या मागे लागलो, असं त्या स्वतःच सांगायच्या आणि स्वतःच खो खो हसायच्या.

विकायला म्हणून त्यांनी एकही मेणबत्ती केली नाही. ज्याची त्याची मेणबत्ती वेगळी, आणि ती भेट द्यायची, हा नियम. खालच्या दाताच्या डॉक्टरांना दाढेच्या आकाराची दिली होती. ती त्यांनी दवाखान्यात मांडून ठेवली आणि पेशंट तिच्याकडे बघून आणखीच घाबरायचे. दुसरा नियम असा, की मेण ओतताना ज्याची मेणबत्ती त्याचाच विचार करायचा. भलता विचार मनात आला तर मेण रुसतं, वर बुडबुडे धरतं, असं त्या अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत.

तिसरी गोष्ट विरजणाची. प्रत्येक घाण्यातला एक तुकडा त्या बाजूला काढून ठेवत आणि पुढच्या घाण्यात टाकत. नवं मेण अडाणी असतं, जुन्याच्या संगतीने त्याला वळण लागतं, म्हणायच्या. पहिलं विरजण मिळालं होतं नवऱ्याच्या कपाटात. नवरा सुतार. स्वयंपाकघराच्या भिंतीत त्याने हत्यारांसाठी एक उभं कपाट केलं होतं, दारं अशी घट्ट की आत मुंगी शिरायची नाही. तो गेल्यावर ते आवरताना तळाशी वीज गेल्यावर लागणाऱ्या साध्या मेणबत्त्यांचा खोका निघाला. एकूण एक मेणबत्ती चेपलेली, पिळलेली. उन्हाने झालं असेल, असं म्हणून त्यांनी त्या वितळवल्या आणि तिथून हा छंद लागला. त्या कपाटाला ऊन कधीच लागत नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल तर त्यांनी येऊ दिलं नाही.

आता तेच कपाट मेणबत्त्या गार करायच्या कामाला येई. आत वारा नाही, त्यामुळे मेण सावकाश बसतं आणि तुकतुकीत निघतं.

त्या आठवड्यात मेणबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेक, जावई आणि नात दूरच्या शहरात राहायला निघाले होते. तिकडे जावयाला बरी नोकरी मिळाली होती. निरोपाची भेट म्हणून तिघांना तीन मेणबत्त्या करायच्या ठरल्या. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा, दाराच्या चौकटीतून वाकून येणारा दांडगा गडी. त्याच्यासाठी पत्र्याच्या नळकांड्यात उंच, जाड, पोलादी रंगाची. लेकीसाठी पांढरी कमळासारखी. आणि चिऊसाठी, म्हणजे नातीसाठी, पिवळं बदक.

जावयाची आधी झाली. मेणबाईंनी नळकांडं उलटं करून बुडावर चापट मारली, मेणबत्ती अलगद हातात आली, आणि त्यांच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

मेणबत्तीच्या मधोमध एका बाजूला चार खळगे होते, आणि दुसऱ्या बाजूला एक. पेला घट्ट धरावा तशी कोणीतरी ती धरली होती.

२

मेणबाई काही भोळ्या नव्हत्या. त्यांनी पहिल्यांदा साचा तपासला. आतून हात फिरवला, उजेडाकडे धरून डोळा लावून पाहिलं. पोचा नाही, ओरखडा नाही. मेण ओतून साचा त्यांनीच कपाटात ठेवला होता आणि घट्ट बसलेल्या मेणासकट त्यांनीच बाहेर काढला होता. पत्रा आणि मेण यांच्यामध्ये सुई जायला जागा नसते, तिथे बोटं कुठून जाणार?

"आक्रसलं असेल," त्या मोठ्याने म्हणाल्या. मेण गार होताना आक्रसतं, हे खरंच आहे. वातीभोवती खड्डा पडतो, तो दुसऱ्यांदा मेण ओतून भरावा लागतो. पण मेण आक्रसून अंगठा उमटल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी आपली बोटं त्या खळग्यांत बसवून पाहिली. त्यांची बोटं आखूड. खळगे लांब, खोल होते, टोकाशी नखाची चंद्रकोरसुद्धा उमटलेली. हा हात मोठा होता आणि जोर लावून दाबणारा होता.

खोटं कशाला बोला, अशी खूण त्यांनी मेणावर पहिल्यांदा पाहिली असली तरी दंडावर पुष्कळदा पाहिली होती. सुतार दारूला शिवत नव्हता. लोक म्हणायचे, काय निर्व्यसनी माणूस! त्याला मारायला दारू लागत नव्हती, कारणही लागत नव्हतं. चमचा पडला, दार वाजलं, कोणी जास्त हसलं, बस. आधी तो हातातलं काम हळूच खाली ठेवायचा. ते दिसलं की मेणबाई लेकीला उचलून त्या कपाटात घालायच्या, "कान झाक, हलू नकोस" म्हणायच्या आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभ्या राहायच्या. मग पाठ दाराला आणि पोट त्याच्याकडे. एकदा त्याने त्यांची मान धरून डोकं त्याच दारावर इतकं आपटलं, की दोन दिवस त्यांना सगळं जोडीजोडीने दिसत होतं. पण पोरीला त्याचं बोट लागू दिलं नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट आपण धड केली, असं त्यांना वाटायचं आणि ते वाटलं की त्यांची मान ताठ व्हायची. एकदा घाईत दाराच्या फटीत पोरीचं बोट सापडलं आणि वाकडं झालं, तेवढंच काय ते.

मेणबत्ती जावयाची. ओतताना विचार जावयाचा. आणि हात मोठा.

त्यांनी लेकीला फोन लावला. लेक फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांच्या माना आणि पाठी चेपून देणारी. आवाज नेहमीसारखा खणखणीत.

"बोल गं आई. सामान बांधतेय."

"सगळं ठीक आहे ना बाळ?"

"न व्हायला काय झालं?"

"नाही, आपलं... जावईबापू बरे आहेत ना? चिडत-बिडत नाहीत ना, कामाच्या गडबडीत?"

लेक हसली. "तो? तो कसला चिडतोय! माठ आहे नुसता. तू कशाला उगाच जिवाला घोर लावून घेतेस?"

तेवढ्यात पलीकडे काहीतरी जोरात आदळलं. जड वस्तू भिंतीवर आदळून फुटावी तसं. मग कोणीतरी श्वास आत ओढला.

"काय गं पडलं?"

"मांजर आहे," लेक म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मेणबाई फोन हातात धरून उभ्या राहिल्या. लेकीच्या घरी मांजर नव्हती. चिऊला केसांची ॲलर्जी होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती मेणबत्ती फोडायला घेतली. सुताराचा हातोडा काढला, फरशीवर जुनी चादर अंथरली आणि पहिला घाव घातला. वरचा भाग उडाला, बुडाचे तुकडे झाले. पण मधला, बोटांच्या खुणांचा भाग फुटेना. त्यांनी आणखी जोर लावला. हातोडा उसळून मनगट झिणझिणलं. मेणाला कधी इतकी ताकद लागते होय? त्यांनी दोन्ही हातांनी हातोडा धरला आणि घाव घालत सुटल्या. "घे, घे, अजून घे," असं कोणीतरी म्हणत होतं, आणि ते आपणच म्हणतोय हे त्यांना जरा वेळाने कळलं. अंगाला घाम फुटला होता, केस सुटले होते, आणि त्यांना बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. ते लक्षात आल्यावर त्यांनी हातोडा असा टाकला, जणू तो तापला होता.

शेवटी तो तुकडा दुभंगला. आत बोटांच्या खुणा तशाच पुढे गेलेल्या. वरून दाबलेलं मेण वरच चेपायला हवं, पण इथे चारही खळगे वातीपर्यंत पोचले होते आणि वात मधोमध आवळून दोऱ्यासारखी बारीक झाली होती.

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? सगळं गोळा करून कचऱ्यात टाकलं असतं. पण मेण टाकून द्यायचं हे मेणबाईंच्या हातून कधी झालंच नव्हतं. सवय ती सवय. तुकडे गोळा झाले, चादर झटकली गेली, आणि सगळं पुन्हा पातेल्यात पडलं. वितळलं की खूण राहते थोडीच, असं त्या स्वतःला समजावत ढवळत राहिल्या. त्यातूनच जावयाची पुन्हा ओतली. उरलेलं विरजण म्हणून पिवळ्या मेणात गेलं आणि त्याचं बदक ओतलं.

दुपारी त्या खुर्चीत बसून वाती कापत होत्या. खिडकीतून ऊन आलं होतं, रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आणि कपाटातून आवाज आला. कर्र.

ओला कपडा पिळताना शेवटी शेवटी येतो, तसा. थांबला. पुन्हा आला, जरा लांबला.

"लाकूड आहे," मेणबाई म्हणाल्या. "लाकूड वाजतं."

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा त्या उठल्या आणि दार उघडलं. आत फळीवर पत्र्याचं नळकांडं आणि बदकाचा रबरी साचा, जसे ठेवले तसे. आवाज नाही, हालचाल नाही. पण आतली हवा कोंदट आणि दमट होती. बंद जागेत कोणी तोंडावर हात धरून बराच वेळ श्वास घेत बसावं, तशी. खालच्या मोकळ्या जागेत, जिथे पूर्वी लेक गुडघे पोटाशी घेऊन बसायची, तिथे लाकूड हाताला गरम लागलं.

संध्याकाळी जावयाची मेणबत्ती साच्यातून काढली. या वेळी खुणा मधोमध नव्हत्या, वर होत्या, वातीच्या जरा खाली. तिथे मेणबत्ती इतकी आवळली होती की तिला मान आली होती. आणि चार बोटांतलं दुसरं बोट तिरकं जाऊन तिसऱ्यावर चढलं होतं.

"घसरलं असेल," मेणबाई म्हणाल्या. काय घसरलं असेल ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. बदकाचा साचा मात्र त्यांनी उघडला नाही, तसाच आत ठेवून कपाट लावून घेतलं.

४

जावई दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेले खोके न्यायला आला. बाहेर रणरणतं ऊन आणि ह्याच्या शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, बाह्या मनगटापर्यंत.

मेणबाईंनी बेत आधीच केला होता. चहा दिला, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग पसरट ताटात ओतलेलं कोमट मेण पुढे सरकवलं. हाताला सोसेल इतपत गार झालेलं, वरून साय धरल्यासारखं.

"जावईबापू, ह्यात जरा हात दाबा बघू. चिऊसाठी बाबाच्या हाताचा ठसा करतेय. भोवती वाती लावीन."

"आत्ता? राहू द्या ना आई, उशीर होतोय."

"हात दाबायला कितीसा उशीर लागतो? दाबा."

तो हसला आणि त्याने हात दाबला. उचलल्यावर मेणात भलामोठा पंजा उमटला. मेणबाई त्यावर वाकल्या. बोटं जाडजूड, पाची सरळ, अंगठा तर बाटलीच्या बुचासारखा. मेणबत्तीवरच्या खुणा त्या मानाने सडपातळ होत्या. हा तो हात नव्हता. त्यांना इतकं हायसं वाटलं की त्या खुर्चीत बसल्याच.

"टॉवेल घ्या," त्या म्हणाल्या. "बाही वर करा आधी, मेण लागेल."

त्याने नाइलाजाने बाही सारली. दंडाच्या खालच्या बाजूला चार जांभळे डाग होते, पलीकडे अंगठ्याचा एक. दुसऱ्या बोटाचा डाग तिरका होता. तिसऱ्यावर चढलेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. ते वाकडं बोट मेणबाईंनी स्वतःच्या हाताने हळद लावून बांधलं होतं, त्यावर फुंकर घातली होती, त्याचा मुका घेतला होता.

"वरचं बटण काढा," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"आई, नको."

"काढा म्हणते ना."

त्याच्या मानेवर तोच हात होता. डाग अजून लाल होते.

"हे कधीचं?"

"आज सकाळचं. दंडाचं परवा संध्याकाळचं, तुमचा फोन आला होता ना, तेव्हाचं." तो फरशीकडे बघत होता. मेणबाईंनी मनात उजळणी केली. दंडाची मेणबत्ती त्यांनी फोन करायच्या आधी साच्यातून काढली होती. मानेची, काल.

"अहो, तुम्ही एवढे दांडगे. एका हाताने अडवाल तिला."

"मी जोर लावला तर तिचं काय उरेल, आई? आणि ती वाईट नाहीये. नंतर स्वतःच बर्फ लावते, रडते, पाया पडते माझ्या. तिकडे गेलो की सुधारेल. इथे तिला नीट झोप लागत नाही."

"आणि चिऊ?"

तो बटणं पुन्हा लावत बसला.

"मी विचारतेय, चिऊला हात लावते का ती?"

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही."

त्या "अजून"ने मेणबाईंच्या पायाखालची वाळू सरकली. कपाटात बदक होतं. त्याच मेणाचं विरजण घालून केलेलं, चिऊचा विचार करून ओतलेलं. त्यांनी कपाटाकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

"उद्या चिऊला घेऊन तिला इकडे पाठवा," त्या म्हणाल्या. "चिऊ जाणार नाही तुमच्याबरोबर. माझ्याकडे राहील. माझ्या जिवात जीव आहे तोवर त्या पोरीला बोट लागू देणार नाही मी."

५

लेक आली तीच तणतणत. जावयाने घरी काय सांगितलं होतं कोण जाणे. मेणबाई शेगडीपाशी होत्या. लेकीची पांढरी मेणबत्ती तेवढी राहिली होती आणि काहीतरी करत राहिल्याशिवाय त्यांना धीर नव्हता. चिऊ धावत येऊन कमरेला बिलगली.

"आजी, माझं बदक झालं?"

"होतंय हं, चिऊताई."

"आई, हे काय नवीन?" लेक दारातच उभी होती. "चिऊ इथे राहणार म्हणे?"

"आधी बस. पाणी पी."

"मला पाणी नको. माझी मुलगी मला विचारल्याशिवाय ठेवून घेणारी तू कोण?"

"मी त्यांची मान पाहिली," मेणबाई म्हणाल्या.

लेकीच्या हातात घराच्या किल्ल्या होत्या. तिने त्या ओट्यावर ठेवल्या. फेकल्या नाहीत, आपटल्या नाहीत. हळूच, आवाज होऊ न देता ठेवल्या.

मेणबाईंना ते दिसलं, आणि पुढचं काही त्यांनी ठरवून केलं नाही. हात आपोआप चालले. चिऊला उचललं, कपाट उघडलं, खालच्या जागेत बसवलं, "कान झाक, हलू नकोस, मी आहे इथेच" म्हणाल्या, दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या. पाठ दाराला आणि पोट लेकीकडे.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"तिला बाहेर काढ."

"नाही."

"आई, तिला त्यातून बाहेर काढ!"

"तुझा राग उतरू दे आधी. इथे ती सुखरूप आहे. तुलाही मी असंच वाचवलं होतं."

"वाचवलंस?" लेक हसली. "आत काय असतं माहितीये तुला? तू कधी बसलीस आत? आत काही दिसत नाही. नुसतं ऐकू येतं. तुझं डोकं माझ्या डोक्यावर आपटायचं, फळीच्या पलीकडून. आणि मला वाटायचं, ही ओरडायची थांबली तर बरं. तो थांबावा असं नाही वाटायचं मला, आई. तू थांबावीस. हाताला येईल ते आवळत बसायचे मी, तू गप्प होईपर्यंत."

"बाळ..."

"सरक."

मेणबाई सरकल्या नाहीत. लेकीने त्यांचा दंड धरला आणि ओढलं. मेणबाईंनी दुसऱ्या हाताने कडी पकडली. खांद्यातून कळ गेली, काहीतरी कट्कन वाजलं. त्यांनी लेकीला पायाने ढकललं, स्टूल उलटलं, बरण्या फुटल्या, लेक ओट्यावर आदळली आणि उसळून परत आली. मग तिचे दोन्ही हात मेणबाईंच्या गळ्यावर होते. डोकं दारावर आपटलं. एकदा. पुन्हा. तेच दार, डोक्याची तीच जागा. अंगठे घशात रुतत होते आणि चार बोटांतलं एक तिरकं टोचत होतं, हे मेणबाईंना अगदी स्पष्ट कळत होतं. लेकीचे डोळे मिटलेले होते. ती कान देऊन काहीतरी ऐकत असावी, तशी तिची मान एका बाजूला कलली होती.

मेणबाईंचा हात ओट्यावर चाचपडला. पातेल्याची कड लागली. बोटं भाजली तरी त्यांनी ते उचललं आणि सगळं मेण लेकीच्या हातांवर ओतलं.

लेक किंचाळली. तिची पकड सुटली. दोघी फरशीवर कोसळल्या. लेकीचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे झाले होते आणि बघता बघता त्यावर मेण घट्ट होत चाललं होतं. ती ते छातीशी धरून हुंदके देत होती. मेणबाईंच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता.

मग दोघीही एकदम गप्प झाल्या, कारण कपाटातून आवाज आला.

कर्र.

६

"उघड," लेक कुजबुजली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. आता ती भ्यायलेली होती, लहान मुलासारखी. "आई, उघड लवकर. तिने सगळं ऐकलंय. उघड गं."

मेणबाईंचा एक हात उचलत नव्हता. दुसऱ्याने त्यांनी कडी ओढली. दार घट्ट बसलं होतं, सुताराने केलेलं. दुसऱ्यांदा ओढल्यावर सुटलं, आणि तोच दमट, कोंडलेला श्वास त्यांच्या तोंडावर आला.

चिऊ होती तिथेच होती. गुडघे पोटाशी घेतलेले. अंगावर ओरखडा नाही, डोळ्यांत पाणी नाही. मेणबाईंना रडू फुटलं. "आहे गं, आहे," त्या लेकीला म्हणाल्या, "काही झालेलं नाही तिला, सुखरूप आहे माझी बाय."

मग त्यांना तिच्या मांडीवरचा रबरी साचा दिसला. तो सोलून उलटा केलेला होता. बदक चिऊच्या मुठीत होतं. परवापासून गार झालेलं, दगडासारखं घट्ट मेण, जे मोठ्या माणसाला हातोड्याने फोडावं लागतं. त्याची मान तिच्या चिमुकल्या बोटांमध्ये चेपून दोऱ्याएवढी झाली होती आणि डोकं बाजूला लोंबत होतं.

"आजी," चिऊ म्हणाली, "हे खूप रडत होतं. मी त्याला गप्प केलं."

मागे लेकीने मेणाने झाकलेले हात तोंडावर घेतले.

"ये, बाहेर ये," मेणबाई कशाबशा म्हणाल्या. "ठेव ते. आजीचं बोट धर."

चिऊने शहाण्यासारखं बदक खाली ठेवलं. कपाटातून उतरताना तिने आजीचं बोट धरलं आणि वर बघून हसली. मेणबाईही हसल्या. मग त्यांनी बोट सोडवायला पाहिलं. ते सुटेना. त्यांनी हळूच ओढलं, मग जोरात ओढलं.

"चिऊ, दुखतंय गं मला."

"ओरडू नकोस ना, आजी," चिऊ लाडात म्हणाली आणि आणखी आवळलं.